जांघेत दुखतंय, हे सांगायचं कुणाला?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज ज्या दुखण्याबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्याचं नाव काढलं की आमच्या गटाच्या बैठकीतसुद्धा आवाज खाली जायचा. जांघेतलं दुखणं. घरात सासरे, दीर बसले असतील म्हणून रेडिओ बारीक करू नका. त्यांनीही ऐकलेलं बरं.

गोष्ट आमच्या गटातल्या एका बाईची आहे. आम्ही सगळ्या तिला वहिनी म्हणतो, इथंही तेच म्हणू. तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "नाव तेवढं घेऊ नका, बाकी सगळं सांगा. नाडीचंसुद्धा सांगा." नाडीचं काय ते पुढं येईल.

वहिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. वर्षभर आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाललं. पहाटेची एसटी धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं. मग तिच्या आईनं किडनी दिली. ऑपरेशन पुण्यात झालं, नीट झालं. नवी किडनी टेबलावरच लघवी करायला लागली, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिची आई वॉर्डात कॉटवर पडल्या पडल्या हात जोडत होती.

आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. बाईला द्यायची वेळ आली की घरात हिशेब सुरू होतो. वहिनीच्याही कानावर आलं होतं, "एका बाईमाणसासाठी एवढा खर्च?" म्हणून ऑपरेशननंतर तिनं मनाशी ठरवून टाकलं की आता आपण कसलीही तक्रार करायची नाही. आईनं किडनी दिली, नवऱ्यानं शेळ्या विकल्या, गटानं कर्ज दिलं, एवढ्यावर "मला दुखतंय" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आणि दुखत होतं जांघेत.

आधी आम्हाला कळेना की किडनीचं ऑपरेशन आणि जांघेत कसं दुखेल. किडनी तर पाठीत, बरगड्यांच्या खाली असते. आम्हाला वाटायचं, मोटारीचा पार्ट बदलतात तसं जुनी काढून तिथंच नवी बसवत असतील. तसं नसतं. जुन्या किडन्या बहुतेक वेळा आहेत तिथंच राहू देतात. नवी किडनी पुढच्या बाजूला, खाली ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोबणीत बसवतात, उजव्या नाहीतर डाव्या अंगाला. तिच्या रक्तवाहिन्या पायाकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि लघवीची नळी मूत्राशयाला. त्यासाठी जी चीर घेतात ती जांघेच्या थोडी वरून सुरू होते आणि विळ्यासारखी वळून कमरेच्या हाडाकडं वर जाते. वहिनीनं आम्हाला व्रण दाखवला तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अगं बाई!" निघालं. चांगली वीतभर.

याच वाटेनं कमरेतून निघालेल्या काही बारीक नसा खाली जांघेत उतरतात. नसा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, जाणिवेच्या. त्यांना मज्जातंतू म्हणतात. ऑपरेशनमध्ये त्या ताणल्या जातात, एखादी कापली जाते, एखादी टाक्यात नाहीतर भरून आलेल्या व्रणात अडकते. डॉक्टर चुकले म्हणून असं होतं असं नाही. चांगलं झालेल्या ऑपरेशननंतरही होतं. मग व्रण बाहेरून भरतो, आणि आत ती नस कुरकुरत राहते. ऑपरेशननंतर तीन महिने उलटले तरी दुखणं हटत नसेल आणि त्याला दुसरं काही कारण सापडत नसेल, तर त्याला जुनाट दुखणं धरतात. म्हणजे "टाके ओढतायत, जाईल" हे उत्तर तीन महिन्यांनंतर पुरेसं नाही.

वहिनीला तेच उत्तर मिळालं होतं. पहिल्या दोन तपासण्यांना तिनं कसंबसं सांगितलं, "खाली दुखतंय." ओपीडीत गर्दी, समोर तरुण डॉक्टर, बाजूला नवरा उभा. "खाली" म्हणजे कुठं हे त्यांनी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. "टाके ओढत असतील," असं म्हणून पुढची तारीख मिळाली. त्यानंतर पाच महिने तिनं दुखणं अंगावर काढलं.

ते दुखणं तिच्याच शब्दांत सांगतो. "तिखटाचा हात लागल्यासारखी आग. मधूनच करंट. कातड्याला परकर घासला तरी नको वाटतं, आणि त्याच्याच शेजारी तळहाताएवढी जागा अशी बधिर, की चिमटा काढला तरी कळत नाही." कांद्याच्या खुरपणीला उकिडवं बसलं की दहा मिनिटांत पाय सरळ करावा लागायचा. रात्री कुशीवर वळताना जाग यायची.

आता आमच्या चुका सांगतो, कारण त्या तुम्हीही कराल.

पहिली चूक आमच्या गटाचीच. थंडीचे दिवस होते. एका मावशीनं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि वहिनीच्या जांघेवर ठेवली. सगळ्यांनी मान डोलावली. वहिनीला बरं वाटलं, ती तशीच झोपली. सकाळी पाहतो तर केवढा मोठा फोड. जागा बधिर होती, भाजतंय हे तिला कळलंच नाही. आणि किडनी बसवलेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज चालू असतात, त्यामुळं साध्या जखमेतही पू व्हायची भीती. ती जखम भरेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. म्हणून आधी हे लक्षात ठेवा. बधिर जागेवर वीट नको, गरम पाण्याची पिशवी नको. आणि नवी किडनी कातड्याच्या जवळच असते, तिच्यावर दाब देऊन चोळणंही नको.

दुसरी चूक जास्त महाग पडली. कांद्याच्या लागणीत मजूर मिळेनात, वहिनी शेतात गेली आणि तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. जवळच्या गावात दवाखाना आहे, तिथं तिनं दुखण्याची सुई घेतली. तासाभरात आराम. किडनी बसवलीय हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मग मेडिकलमधून त्याच औषधाच्या गोळ्या आणल्या. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घेतल्या. कामं उरकली. आम्हीही म्हणालो, "बघ, कसं बरं वाटलं!"

पुढच्या तपासणीला क्रिएटिनिन 1.8 आलं. त्याआधी कायम 1.1 नाहीतर 1.2 असायचं.

क्रिएटिनिन म्हणजे काय, हे डायलिसिस झालेल्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. किडनी रक्तातला कचरा किती साफ करते त्याचा तो आकडा. आकडा वर गेला म्हणजे किडनीचं काम खाली आलं. वहिनी त्या ओपीडीच्या बाकावर बसून रडली. आम्ही सोबत होतो. ती एवढंच म्हणत होती, "आईला काय सांगू?"

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, नेप्रोक्सेन या जातीची दुखणं-सूज उतरवणारी औषधं किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. धडधाकट माणसाला एखादी गोळी चालून जाते. बसवलेली किडनी एकटीच असते, आणि ती टिकावी म्हणून जी टॅक्रोलिमससारखी गोळी चालू असते तीही रक्तवाहिन्या आवळणारीच असते. दोन्ही बाजूंनी दोरी आवळल्यासारखं होतं. वहिनीचं नशीब, वेळेत कळलं. गोळ्या बंद केल्या, दोन दिवस ठेवून घेतलं, किडनी आपल्या शरीरानं नाकारायला सुरुवात तर केली नाही ना, हेही पाहिलं. महिन्याभरात आकडा 1.3 वर आला. पहिल्या ठिकाणी काही परत गेला नाही.

मेडिकलमध्ये आणखी एक फसगत होते. पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं ही साधी तापाची गोळी. तिच्यात पुष्कळदा एसिक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं. पाकिटाच्या मागं घटक लिहिलेले असतात, ते सगळे वाचायचे. आपल्याला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यायचे. नुसतं पॅरासिटामॉल बहुधा चालतं, पण किती आणि किती दिवस हे किडनीच्या डॉक्टरांनाच विचारायचं, कारण त्यानं ताप झाकला जातो आणि ताप हा अशा माणसाच्या बाबतीत महत्त्वाचा इशारा असतो. दुखण्यावर चोळायच्या मलमातही डायक्लोफेनॅक असतं, तेही विचारूनच. काढे, चूर्ण, गावठी औषध यांचंही तसंच. काढा वाईटच असतो असं आम्ही म्हणत नाही. पण टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण पुष्कळ गोष्टींनी वरखाली होतं. साध्या पपनसानंसुद्धा ते वाढतं. तिथं काढ्याचा भरवसा कुणी द्यायचा?

त्या दोन दिवसांत वॉर्डात एक डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. त्यांनी आधी नवऱ्याला चहा प्यायला पाठवलं. पडदा ओढला. आणि म्हणाल्या, "आता एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं?" एवढं साधं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी तिला एका बोटानं दाखवायला सांगितलं.

वहिनीनं व्रणाच्या खालच्या टोकाशी बोट ठेवलं. बाईंनी त्याच जागी हलकं दाबलं आणि सांगितलं, "हात छातीवर ठेवा, उशीवरून डोकं उचला." डोकं उचललं की पोटाचे स्नायू घट्ट होतात. आतल्या अवयवाचं दुखणं असेल तर स्नायूंच्या ढालीमुळं ते बहुधा कमी लागतं. दुखणं पोटाच्या भिंतीतलं, म्हणजे स्नायूचं किंवा नसेचं असेल तर जास्त लागतं. वहिनी ओरडलीच. मग त्यांनी कापसाचा बोळा फिरवून बघितला, कुठं आग होते, कुठं कळतच नाही. पायाचा सांधा आत-बाहेर वळवून पाहिला. खोकायला सांगून फुगवटा येतो का ते पाहिलं.

तरी तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. जांघेत दुखायला पुष्कळ कारणं असतात. सोनोग्राफी करून किडनीशेजारी पाणी साठलंय का ते बघितलं. ऑपरेशननंतर तिथं कधी कधी लसीकेचं पाणी साठतं, त्याचा दाब पडून जांघ दुखते, पाय सुजतो. लघवी तपासली. खुब्याचा एमआरआय केला. खर्च कुठल्या कार्डावर बसतो आणि कुठला खिशातून जातो, हे आरोग्यमित्राकडं जाऊन विचारलं. उरलेल्याला गटातून 6,000 रुपये उचलले. व्याजाचा विषय निघाला तेव्हा बैठकीत कुणी काही बोललं नाही, तेव्हा ते आम्ही बिनव्याजीच धरलं. अध्यक्षीणबाईंनी नंतर इतिवृत्तात तसं लिहून घेतलं.

सगळं साफ निघालं. मग तिला भूलतज्ज्ञांच्या वेदनेच्या ओपीडीत पाठवलं. मोठ्या दवाखान्यांत, सरकारी मेडिकल कॉलेजातसुद्धा बऱ्याच ठिकाणी अशी ओपीडी असते, आपल्याला ठाऊक नसते. तिथं सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत, कमरेच्या हाडाजवळ त्या नसेशेजारी बधिर करणाऱ्या औषधाची बारीक सुई दिली. दहा-पंधरा मिनिटांत आग गेली. वहिनी टेबलावरून उतरून चालली आणि परत चालून आली, उगाचच, नुसतं बघायला.

ही सुई औषधही असते आणि तपासही. आराम पडला म्हणजे दुखणं त्याच नसेचं. पण तो आराम कायमचा नसतो. वहिनीला पहिल्या वेळी पंधरा दिवस पुरला, दुसऱ्या वेळी दीड महिना. सोबत रात्री गॅबापेंटिनची छोटी गोळी दिली. नसेच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांपेक्षा अशी वेगळ्या जातीची औषधं जास्त लागू पडतात. गॅबापेंटिन किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून किडनीच्या ताकदीप्रमाणं मात्रा कमी ठेवतात. शेजारणीच्या पाकिटातली घ्यायची नाही आणि बरं वाटलं म्हणून एकदम तोडायचीही नाही. पहिल्या आठवड्यात वहिनीला गरगरायचं, तेव्हा रात्री बाहेर जाताना सासूबाई सोबत उठायच्या. हो, त्याच सासूबाई ज्या खर्चाचं बोलल्या होत्या. माणसं बदलतात, थोडी का होईना.

आता शेजारच्या गावातल्या एका भावाचं सांगतो, कारण त्यांचंही जांघेतच दुखत होतं आणि कारण निराळंच होतं. त्यांनाही किडनी बसवलेली. वहिनीला बरं वाटलं हे ऐकून त्यांची बायको आमच्याकडं आली, "त्या सुईचा पत्ता द्या." आम्ही पत्ता द्यायच्या आधी विचारलं, आग होते का? नाही. कपडा लागला तर? काही नाही. मग कधी दुखतं? पायावर भार दिला की, जिना चढताना, आणि मांडी घालून जेवायला बसता येत नाही म्हणून. कधी कधी गुडघ्यातही कळ जाते.

हे नसेचं वाटत नाही एवढं आमच्यासारखीलाही कळलं. खुब्याच्या सांध्याचं दुखणं माणसाला पुष्कळदा जांघेतच जाणवतं. किडनी टिकवण्यासाठी स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोनची गोळी देतात. तिच्यानं काही जणांत खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड आतून सुकत जातं. कोरोनानंतर 'एव्हीएन' हा शब्द आपल्याकडंही ऐकू आला, तेच हे. सुरुवातीला एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. या भावांचा एक्स-रे चांगला आला म्हणून वर्षभर कंबर धरली असेल असं समजून मालिश चाललं होतं. लवकर कळलं असतं तर सांधा वाचवण्याचे काही इलाज होते. त्यांना सांधा बदलावा लागला. आता चालतात.

पण हे ऐकून घरी स्टेरॉइडची गोळी बंद करायची नाही! हे आम्ही मुद्दाम मोठ्यानं बोलतोय. दुखतंय म्हणून, भीती वाटली म्हणून, किडनीची एकही गोळी आपल्या मनानं थांबवायची किंवा कमी करायची नाही. गोळी सुटली की किडनी सुटते.

दुसरं एक डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते आम्हाला नवीन होतं. नवीन किडनी बसवताना तिच्या रक्तवाहिन्या जोडतात, जाणिवेच्या नसा जोडत नाहीत. त्यामुळं किडनी बिघडत असली तरी ती फारशी दुखेलच असं नाही. जांघेत आग होणाऱ्या वहिनीची किडनी ठणठणीत होती, आणि काहीही दुखत नाही म्हणून तारीख चुकवणाऱ्याची किडनी आतून बिघडलेली असू शकते. म्हणून रक्ताची तारीख दुखण्यावर ठरवायची नाही.

काही वेळा मात्र तारखेची वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी निघायचं. ताप आला, लघवी कमी झाली किंवा तांबडी झाली, लघवीला जळजळ होते, एकच पाय सुजला, किडनीच्या जागी फुगवटा आला किंवा हात लावला तरी दुखतंय, दोन दिवसांत वजन एकदम वाढलं. जांघेत गाठ आली आणि ती झोपल्यावर आत जात नाही, वर उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी 108 ला फोन करायचा. आणि गाडीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "पेशंटला किडनी बसवलेली आहे." वहिनीनं हे वाक्य लिहिलेली चिठ्ठी, खाली गोळ्यांची नावं, प्लास्टिकमध्ये घालून बटव्यात ठेवलीय.

आता नाडीचं. वहिनीच्या आजाराची वही आम्ही गटात ठेवायला लागलो. ती सांगायची, आम्ही लिहायचो. कधी दुखलं, कशानं वाढलं, शंभर पैशांतलं किती पैसे दुखलं. डॉक्टर दहापैकी किती असं विचारतात, तिला ते जमेना. पैशांत बरोबर सांगायची. तीन आठवड्यांची वही वाचली तर एक गोष्ट दिसली. सणासुदीला, लग्नकार्याला दुखणं वाढलेलं. आम्हाला वाटलं दगदग. दगदग होतीच, पण त्या दिवशी ती नवी साडी नेसायची आणि साडी सुटू नये म्हणून परकराची नाडी करकचून आवळायची. नाडी बरोबर त्या व्रणाच्या रेषेवर. घरी गाऊनवर असली की पंचवीस पैसे, साडीत ऐंशी पैसे! एवढ्या तपासण्या झाल्या, पण हे कोण सांगणार? डॉक्टरांना परकराची नाडी कुठं बांधतात हे ठाऊक असायचं कारण नाही. आता तिच्या परकराला रुंद पट्टी शिवून घेतलीय, गाठ दुसऱ्या बाजूला, आणि आवळायचं नाही. आमच्याच गटातल्या शिलाईवालीनं शिवून दिला. मापाचा कागद तिच्याकडं आहे, कुणाला हवा असेल तर न्या.

असंच एकेक सापडत गेलं. घागर त्या कुशीत घ्यायची नाही. उकिडवं बसून धुणं-भांडी करण्याऐवजी ओटा किंवा पाट-स्टूल. संडासात वापरायची भोक असलेली खुर्ची मिळते, ती बसवली. खोकताना, शिंकताना त्या जागी उशी धरायची. थोडं थोडं चालणं रोज, कारण दुखतंय म्हणून पडून राहिलं की स्नायू आखडतात आणि दुखणं वाढतं. खुरपणी तिनं सोडली. गटाच्या पापड-शेवयांचं वजन-पॅकिंग आणि हिशेब तिच्याकडं दिला. सुरुवातीला एक-दोघी कुरकुरल्या, "हिला बसून काम." आम्ही वही पुढं केली, त्यांनी वाचली, मग बोलल्या नाहीत.

आणखी एक. जांघेतलं दुखणं नवरा-बायकोच्या मध्ये येतं. वहिनी महिनोन् महिने नवऱ्याला टाळत होती आणि त्याला वाटलं, हिला आपण नकोसे झालो. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं की हे नसेचं दुखणं आहे, यात कुणाचा दोष नाही, कसं बसलं-झोपलं तर भार येत नाही हेही सांगितलं. किडनी बसवलेल्या बाईनं दिवस राहण्याबद्दलही आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत, त्या आधी बदलाव्या लागतात. हे नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारायला लाजू नका. नवऱ्यासमोर बोलता येत नसेल तर "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" एवढं म्हणायचं. तेही जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्यायचं, 'दुखतं ती जागा: जांघ. कसं दुखतं: आग, करंट. किती दिवस.' वहिनीनं शेवटी तसंच केलं होतं.

आईला कधी सांगितलं, हे बायका विचारतात. क्रिएटिनिन 1.3 वर आलं त्या आठवड्यात वहिनी माहेरी गेली आणि सुईपासून सगळं सांगून टाकलं. आई रागावेल असं तिला वाटत होतं. आईनं तिचा हात धरून स्वतःच्या पोटावरच्या व्रणाजवळ ठेवला आणि म्हणाली, "मलाही इथं ओढतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." दोघी एकमेकींपासून लपवत होत्या. त्यानंतर आईलाही तपासायला नेलं. किडनी देणाऱ्यानंही दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन बघून घ्यायचं असतं, ते त्यांचं राहूनच गेलं होतं. आईची तपासणी चांगली आली.

वहिनीचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. शंभरातले पंधरा-वीस पैसे उरलंय, पावसाळी हवेत तीस. ती म्हणते, एवढं घेऊन जगता येतं. येत्या मंगळवारी तिची तारीख आहे. पुण्याला सोबत जायची पाळी या वेळी आमची आहे, अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं, वही घेऊन.